पगडी सलामत!

‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण ज्याने पहिल्यांदा काढली तो गृहस्थ नक्की कॉमर्सवाला असणार. त्या म्हणीत काव्य नाही, हिशेब आहे. डोकं एक, पगड्या पन्नास. डोकं हे मुद्दल आणि पगडी हे व्याज. मुद्दल शाबूत असलं की व्याज काय, येतच राहतं. गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांचं मुद्दल आणि व्याज सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला ही म्हण फार पटते. शाखेतल्या सुविचाराच्या फळ्यावर मी ती एकदा लिहिलीही होती. (खाली कुणीतरी ‘टी.डी.एस. कापून’ असं लिहून गेलं, ते सोडा.)

पण जगात अशीही माणसं होऊन गेली की ज्यांनी ही म्हण उलटी वाचली. आधी पगडी सलामत, शिराचं मग बघू! आणि ही कुणी भाला घेऊन घोड्यावर बसलेली, इतिहासाच्या पुस्तकातली माणसं नव्हेत. रात्रपाळी संपवून पहाटे मोटारसायकलवरून घरी जाणारी, पगारातले चार पैसे गावी धाडणारी साधी कामगार माणसं. देश इंग्लंड, साल १९७३ ते १९७६. ही मंडळी परक्या देशात, डोक्याला पगडी बांधून आणि हेल्मेट न घालता फटफटीवर बसली, दंड सोसत राहिली, तुरुंग पाहून आली आणि शेवटी ब्रिटिश पार्लमेंटला कायदा बदलायला लावून मगच गप्प बसली. आम्हाला शाळेत पानिपत शिकवलं, प्लासी शिकवली, पण ही लढाई कुणी शिकवली नाही.

मला तिचा पत्ता लागला तो भाच्यामुळे. भाचा बर्मिंगहॅमला नोकरीला गेला. तिथे आपलं भारतीय लायसन्स बारा महिने चालतं. मग पुन्हा ओनामापासून परीक्षा. सिंहगड रोडवर दहा वर्षं गाडी चालवून जिवंत राहिलेल्या मुलाला कुणी एक गोरा मास्तर ‘सिग्नलला थांबायचं असतं’ हे शिकवतो, याचं त्याला वाईट वाटलं होतं. एक दिवस फोनवर म्हणाला, “मामा, आज गंमत झाली. सिग्नलला माझ्या शेजारी एक सरदारजी मोटारसायकलवर, डोक्याला पगडी, हेल्मेट नाही. पलीकडे पोलीस. मी म्हटलं, आता पावती फाटणार! तर पोलिसाने ढुंकूनही पाहिलं नाही.”

“ओळखीचा असेल,” मी म्हटलं. आपल्याकडे याला दुसरं कारण नसतं.

तिथे होतं.

आता, हेल्मेट पगडीवरूनच घालायला काय हरकत आहे, असं विचारणाऱ्याने पगडी बांधताना पाहिलेली नाही. मी पाहिली आहे. मधली दोन वर्षं मी नांदेड शाखेत काढली. नांदेडला गुरू गोविंदसिंगांचं १७०८ साली देहावसान झालं; तिथला हजूर साहिब गुरुद्वारा तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या घरमालकांच्या शेजारी एक शीख कुटुंब राहत होतं. सकाळी अंगणात बापलेक समोरासमोर उभे राहायचे, पाच-सहा मीटरचं ओलसर कापड दोन टोकांना धरून खेचायचे, त्याच्या घड्या पाडायचे. मग एक टोक दातांत धरून बाप आरशासमोर एकेक पट्टी चढवत जायचा. जीभ गुंतलेली असल्यामुळे तेवढा वेळ बायकोशी वाद बंद. पगडीखाली न कापलेल्या केसांचा बुचडा. गुरूंनी १६९९ साली आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला, तेव्हापासून केस राखणं हे व्रत आणि पगडी त्या व्रताची राखणदार. एवढ्या सगळ्यावर हेल्मेट बसवायचं म्हणजे घागरीवर वाटी उपडी ठेवण्यातला प्रकार. आणि पगडी काढून हेल्मेट घालायचं म्हणजे— त्या अंगणात पाहिल्यावर तो प्रश्न मला विचारावासा वाटला नाही.

पन्नास-साठच्या दशकांत जालंधर-होशियारपूरकडची पुष्कळ माणसं इंग्लंडला गेली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या ओतशाळांत, लंडनजवळच्या साऊथॉलच्या रबर कारखान्यात त्यांना काम मिळालं. काम म्हणजे गोऱ्यांना नको असलेलं काम. हात हवे होते, पगडी नको होती. कित्येकांनी नोकरीसाठी केस कापले. हा प्रसंग कुठल्या बखरीत येत नाही, कारण तो एखाद्या थंडगार खोलीत, एका खुर्चीवर, कात्रीच्या दोन आवाजांत होऊन गेला. गावी आईला फोटो पाठवायची वेळ आली तेव्हा या मुलांनी काय केलं असेल, हे मला राहून राहून वाटतं. भाषा सोडली होती, गाव सोडलं होतं, आता डोक्यावरचंही गेलं.

मग काहींनी ते परत घेतलं. मँचेस्टरच्या ग्यानी सुंदरसिंग सागर यांनी १९५९ साली बस कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. उत्तर आलं, नियमाप्रमाणे टोपी घालावी लागेल. सागर म्हणाले, मी तुमच्या गणवेशाच्या निळ्या रंगाची पगडी बांधतो, तुमचा बिल्ला तिच्यावर लावतो. यापेक्षा समजूतदार कर्मचारी मी तरी पाहिलेला नाही. आमच्याकडे ओळखपत्र गळ्यात अडकवा म्हणून तीन सर्क्युलरं निघाली, तरी ती खणातच आहेत! पण मँचेस्टरला ही साधी गोष्ट मान्य करायला सात वर्षं लागली. १९६६ उजाडलं. तिकडे वुल्व्हरहॅम्प्टनला १९६७ साली तरसेमसिंग संधू नावाचा बस ड्रायव्हर आजारपणाच्या रजेवरून दाढी आणि पगडीसह कामावर आला आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. तो तंटा दोन वर्षं चालला. शेवटी सोहनसिंग जॉली यांनी जाहीर केलं की १९६९ च्या बैसाखीपर्यंत निर्णय झाला नाही तर मी स्वतःला जाळून घेईन. नगरपालिकेने चार दिवस आधी बंदी उठवली.

या वुल्व्हरहॅम्प्टनचे एक खासदार होते ईनॉक पॉवेल. विद्वान माणूस, ग्रीकचा प्रोफेसर. एप्रिल १९६८ मध्ये त्यांनी परदेशांतून येणाऱ्यांविरुद्ध बर्मिंगहॅमला जे भाषण ठोकलं त्याने सगळं इंग्लंड ढवळून निघालं. त्या भाषणात या पगडीवाल्या बस कामगारांच्या मागणीचाही उद्धार होता. पॉवेलसाहेबांना जरा लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

बस काय, दुसऱ्याची. मोटारसायकल आपली. तिच्यावर गणवेश नाही, इन्स्पेक्टर नाही, आणि पहाटे चारला पाळी सुटल्यावर जेव्हा एकही बस रस्त्यावर नसते तेव्हा ती दारात उभी असते. मोटारीपेक्षा कितीतरी स्वस्त. नव्या देशात माणसाची स्वतःची म्हणून जी पहिली जागा होते ती कधी कधी एवढीच, दीड हात लांबीची सीट असते. त्या जागेवरही हेल्मेट येऊन बसलं.

हे हेल्मेट आलं कुठून, त्याचाही इतिहास आहे आणि तो या गोष्टीला शोभण्यासारखाच आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातल्या डॉर्सेटमध्ये एक गृहस्थ ब्रफ सुपीरियर या महागड्या मोटारसायकलवरून भरधाव चालले होते. समोर सायकलवर दोन पोरं आली, त्यांना चुकवताना गाडी घसरली. डोक्याला मार बसला आणि सहा दिवसांनी ते गेले. हे गृहस्थ म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया. आयुष्यभर ज्यांचे फोटो अरबांचं शिरोवस्त्र बांधलेले छापून आले, ते उघड्या डोक्याने गेले! त्यांना तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. हेही इंग्लंडात बाहेरूनच आलेले, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. एक निरोगी माणूस निव्वळ डोक्यावर काही नव्हतं म्हणून जातो, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

पुढे महायुद्ध सुरू झालं. केर्न्स मोजायला बसले. (मोजणाऱ्या माणसांबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे.) युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत रस्त्यावरच्या अपघातांत दोन हजारांहून जास्त मोटारसायकलवाले आणि त्यांच्या मागे बसलेले मेले होते, म्हणजे शत्रूला गोळीही खर्च करावी लागली नाही. बहुतेकांना डोक्याचा मार. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना तेव्हा जेमतेम सात सापडले, आणि सातही वाचले होते. १९४१ साली त्यांनी हे छापलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. नागरिकांना सक्ती व्हायला मात्र आणखी बत्तीस वर्षं गेली. ज्यांची डोकी वाचली त्यांना केर्न्स हे नाव ठाऊक नाही. पण डोकं वाचलेल्या माणसाला कुठे काय ठाऊक असतं!

तर १ जून १९७३ पासून इंग्लंडात हेल्मेटसक्ती लागू झाली. त्याआधी एप्रिलमध्ये पार्लमेंटात चर्चा झाली. आणि या सक्तीला तत्त्वतः विरोध करायला कोण उभं राहिलं म्हणता? आपले ईनॉक पॉवेल! माणसाने स्वतःच्या डोक्याचं काय करावं हे सरकारने सांगू नये, हा त्यांचा मुद्दा. शिखांचा कैवार घ्यायला ते उठले नव्हते, स्वातंत्र्याच्या तत्त्वासाठी उठले होते. पण पाच वर्षांपूर्वी पगडीवर गरजलेला माणूस नकळत पगडीच्या बाजूला येऊन उभा राहिला. राजकारणात असे जमाखर्च कधी कधी आपोआप जुळतात. ऑडिटरला फक्त आश्चर्य करता येतं.

पॉवेल हरले, सक्ती झाली. इदी अमीनने ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना हुसकून लावलं होतं. त्यांतले काही शीख एकीकडून पगडी वाचवून इंग्लंडात उतरतात न उतरतात तोच हा कायदा समोर. मँचेस्टरचे सुंदरसिंग सागर पुन्हा मैदानात आले. बसच्या लढाईत सात वर्षं घालवलेल्या माणसाला मोटारसायकलची लढाई म्हणजे नव्या शाखेत बदली झाल्यासारखीच वाटली असेल. पगडी बांधून गाडीवर बसायचं, पोलिसाने अडवलं की थांबायचं, कोर्टात उभं राहायचं, शिक्षा ऐकायची, आणि बाहेर येऊन पुन्हा गाडीवर बसायचं. तुरुंगवासही त्यांनी पत्करला. दुसरीकडे बलदेवसिंग चहल यांनी ‘टर्बन अॅक्शन कमिटी’ चालवली. एका शीख गृहस्थाला तर १९७३ ते १९७६ या काळात वीस वेळा दंड झाला. वीस वेळा! आमच्याकडे खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून एकदा दंड कापला तर खातेदार मॅनेजरच्या टेबलावर छत्री आपटतो. हा माणूस एकविसाव्या वेळी पुन्हा पगडीच बांधत होता. त्याने ही फिर्याद युरोपच्या मानवी हक्क आयोगापर्यंत नेली. आयोगाने १९७८ साली उत्तर दिलं की सरकारची सक्ती योग्य होती. तोपर्यंत सरकारने स्वतःच शिखांना ती माफ करून दोन वर्षं होत आली होती! मोठ्या साहेबाचं उत्तर हेड ऑफिसातून येईपर्यंत खालच्या कारकुनांनी काम उरकलेलं असतं, हे मी तरी नव्याने शिकलो नाही.

चहल यांचा खटलाही वरच्या कोर्टात गेला. कोर्टाने १९७५-७६ च्या सुमारास दिलेलं उत्तर मोठं बिनतोड होतं. कायदा कुणाला मोटारसायकल चालवायची सक्ती करत नाही. चालवली तर हेल्मेट घाला, एवढंच म्हणतो. शिखाला चालवता येत नसेल तर ती अडचण कायद्याची नव्हे, त्याच्या धर्माची. वाः! असं उत्तर काउंटरमागून देताना किती गार वाटतं हे मला विचारा. ‘खातं आमच्याच बँकेत उघडा अशी सक्ती कुठे आहे?’ ‘पास बुक छापून घ्यायला जेवणाच्या सुट्टीतच या असं कुणी सांगितलं?’ तर्कात चूक काढता येत नाही आणि समोरच्या माणसाचं काम होत नाही, अशी दुहेरी सोय या उत्तरात असते. पहाटे चारला ओतशाळेतून सुटलेल्या माणसाने घरी कसं जावं, हा प्रश्न त्यात कुठेच बसत नाही.

अखेर साऊथॉलचे मजूर पक्षाचे खासदार सिडनी बिडवेल यांनी खाजगी विधेयक आणलं. त्यांच्या मतदारांत शीख भरपूर होते, हे कारण कुणी खालच्या आवाजात सांगितलं तर ते वरच्या आवाजात खरं आहे. लोकशाही दुसरी कशी चालते? विधेयकाच्या बाजूने एक मुद्दा मात्र असा निघाला की समोरच्यांना खाली बघावं लागलं. दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक लोखंडी टोप न घालता पगडी बांधून ब्रिटनच्या बाजूने लढले होते. तेव्हा सरकारला त्यांच्या डोक्याची काळजी वाटली नव्हती. तोफेच्या तोंडी जाताना पगडी चालते आणि दूध आणायला जाताना चालत नाही, हे कसं?

नोव्हेंबर १९७६ मध्ये कायदा झाला. अगदी चिमुकला. सार एवढंच, की शीख धर्माच्या अनुयायाला, त्याने पगडी बांधलेली असताना, हेल्मेटची सक्ती नाही. ‘असताना’ या शब्दाला माझ्यातला कारकून सलाम करतो. पगडी घरी खुंटीला असून चालणार नाही, डिकीत असून चालणार नाही. डोक्यावर असली तरच सूट. व्हाउचर जोडल्याशिवाय रक्कम नाही!

आता मी कोणाच्या बाजूचा? मला विचाराल तर केर्न्स डॉक्टरांचं गणित आजही तितकंच खरं आहे. डांबरी रस्ता कवटी फोडताना धर्म विचारत नाही आणि पगडी म्हणजे हेल्मेट नव्हे. सूट मिळाल्यानंतर रस्त्यात पडलेल्यांची डोकी काही वेगळी झाली नसतील. ज्याचं डोकं त्याचा धोका, हे ऐकायला सोपं आहे. पण पहाटे दार उघडून वाट बघणारी बायको त्या धोक्याच्या कुठल्या कलमात येते? हे सगळं कबूल करूनही मी त्या सागरांच्याच बाजूने हात वर करीन. कारण सरकार ज्या डोक्याची काळजी घेत होतं त्यात काय आहे, हे त्या माणसांना सरकारपेक्षा जास्त माहीत होतं. केस कापून नोकरी मिळवलेल्यांनी ते एकदा मोजूनही पाहिलं होतं.

पुढे इंग्रजांनी या धोक्याचाही हिशेब केला. १९८९ च्या कायद्याने इमारतीच्या बांधकामावर काम करणाऱ्या पगडीवाल्या शिखांना तिथल्या टोपीची सक्ती माफ झाली. २०१५ पासून ही सवलत इतर बहुतेक कामाच्या जागांनाही लागू झाली. पण सोबत अट. डोक्याला लागलं, तर टोपी घातली असती तरी जेवढी इजा झाली असती तेवढ्याचीच भरपाई मिळेल. वरचं नुकसान ज्याचं त्याने सोसावं. हे कलम वाचताना मला एखादं जुनं ओळखीचं लेजर उघडल्यासारखं वाटलं. पगडीला मान दिला, पण तिचा खर्च ज्याच्या त्याच्या नावे टाकला.

सगळ्याच देशांनी हात सैल सोडला असं नाही. कॅनडात प्रांतागणिक निराळा कायदा. ओंटारिओतल्या खटल्यात २००८ साली शीख मोटारसायकलवाला हरला. त्यात वेगाच्या वाऱ्यात पगडी सुटते की टिकते यावर तज्ज्ञांचा कीस पडला. पुढे २०१८ साली त्याच ओंटारिओने सूट दिली. जर्मनीच्या वरिष्ठ कोर्टाने २०१९ मध्ये चक्क नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेट माफ आहे आणि त्यासाठी कुणाला तुरुंगात जावं लागल्याचं वाचनात नाही.

पुण्यात मात्र हेल्मेटविरुद्ध आंदोलनं होतात. जानेवारी २०१९ मध्ये तर सक्तीविरुद्ध मोर्चाही निघाला. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ओळखीचा माणूस ओळख देत नाही, अशी आमची कारणं. स्वातंत्र्य हा शब्द आम्हीही वापरतो. पण सागरांच्या कारणाला पावणेतीनशे वर्षांचं वय होतं आणि आमच्या कारणाला कंगव्याचं. आमच्या शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी या विषयावर तासभर बोलू शकतात. मी त्यांना एकदा म्हटलं, “दादा, वीस वेळा दंड भरायची तयारी आहे का?” त्यावर ते म्हणाले, “वीस वेळा? अरे, मी पहिल्याच पोलिसाला बघून गल्लीत वळतो!”

ही झाली चालवणाऱ्यांची गोष्ट. त्या काळात एक मोटारसायकलही देश बदलून बसली होती. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच म्हणून गाव आहे, तिथे रॉयल एन्फील्ड बनायची. १९५५ साली त्या कंपनीने मद्रासला एन्फील्ड इंडिया काढली आणि बुलेट आपल्याकडे आली. इकडे ती मूळ धरून बसली. तिकडे रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला आणि १९७० पर्यंत सगळाच कारभार आटोपला. मग १९७७ मध्ये, म्हणजे पगडीचा कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात व्हायला लागली. वीस-बावीस वर्षं उन्हातान्हात काढून ती माहेरी उतरली तेव्हा तिचा घाट तोच होता, आवाज तोच होता, तेल गळायची खोडही तीच होती. आणि पगडी बांधून तिच्यावर बसायला आता कुणाचीच हरकत नव्हती.